फेट्यावर हेल्मेट बसत नाही

“काढ ते डोक्यावरचं.”

मुकादम माझ्याकडं न बघताच म्हणाला. मी विटांचं घमेलं खाली ठेवलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. सकाळीच मिळालेलं. आयुष्यातलं पहिलं. त्याचा पट्टा हनुवटीला टोचत होता, आणि ते टोचणंसुद्धा मला आवडत होतं.

“का वं?” मी विचारलं.

“आबासाहेबांस्नी पायजे. फोटो काढायचाय.”

सांगलीच्या कडेला दुकानांची इमारत उठत होती, तिथली ही गोष्ट. आबासाहेब म्हणजे ठेकेदार. घरचा ऊस, घरचे ट्रक, घरचं बांधकाम आणि घरचाच रुबाब. त्या दिवशी कोणी बडे पाहुणे साइट बघायला आले होते, सोबत फोटोवाला. म्हणून हेल्मेटं बाहेर निघाली होती. एरवी ती केबिनमधल्या पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद असायची. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, त्यांना बाहेर काढायचे. फावडं, थापी, ओळंबा यांच्या शेजारी ओळीनं मांडायचे. हळद-कुंकू वाहायचे, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल ठेवायचे, उदबत्ती ओवाळायचे. की परत पेटीत. आमच्या गावातल्या देवालासुद्धा यापेक्षा जास्त मोकळी हवा मिळते.

पाहुणे जास्त आले आणि हेल्मेटं कमी पडली. मी सगळ्यात जवळ उभी होते. मी पट्टा सोडायच्या आत मुकादमानं ते ओढलं. केस अडकले, तुटले. त्यानं ते आबासाहेबांच्या पुढं धरलं. आबासाहेबांनी ते उलटं केलं. आत बघितलं. नाक जवळ नेलं.

“कुणाचं हाय हे?”

मुकादमानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. आवाज खाली केला, पण मला ऐकू येईल इतकाच खाली.

“माधवनगरच्या वस्तीवरची हाय.”

बस, एवढंच. जातीचा शब्द उच्चारला नाही. गरजच काय? ‘वस्तीवरची’ या शब्दात आमचं बौद्ध असणं, आमच्या आज्या-पणज्यांचं गावकुसाबाहेरचं राहणं, सगळं घडी घालून ठेवलेलं असतं. ऐकणारा बरोबर उलगडतो. आबासाहेबांनी उलगडलं. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं हेल्मेट पट्ट्याला धरून त्यांनी लांब केलं.

“धुऊन आण जा.”

आता बघा, गंमत इथं सुरू होते. भिंतीवर एक पांढरी पेटी होती, लाल फुलीची. प्रथमोपचाराची. मी त्या साइटवर आल्यापासून ती उघडलेली पाहिली नव्हती. बोटं चेंगरली, तळव्यात खिळे घुसले, पण ती उघडली नव्हती. त्या दिवशी मुकादमानं ती उघडली. जखमा धुवायच्या औषधाची बाटली काढली आणि माझ्यासमोर, सगळ्यांसमोर, नळाखाली माझं हेल्मेट धुतलं. अख्खी बाटली ओतली. जिथं माझं डोकं टेकलं होतं तिथं फडक्यानं घासघासून पुसलं.

माझी मैत्रीण रखमा शेजारीच वाळू चाळत होती. ती चाळायची थांबली. मी उभी राहिले, हात लोंबते, डोकं उघडं. आपल्याच डोक्याची आपल्याला घाण वाटावी असं काहीतरी माझ्यात शिरत होतं. ते मला अजून आठवतं. औषधाचा तो वास आला की आजही डोकं खाजतं.

फोटो निघाला. आबासाहेब मधोमध, डोक्यावर माझं ओलं हेल्मेट, बोट वर करून पाहुण्यांना काहीतरी दाखवत असलेले. वर काय होतं? वर परांची होती, बांबूची, आणि तिच्या फळीवर कडेपर्यंत विटा रचलेल्या होत्या. खाली जाळी नव्हती. मंडळी केबिनमध्ये चहाला गेली, हेल्मेटंही गेली. टेबलावर बसून हेल्मेटांनीही चहा प्यायला असेल. मी घमेलं उचललं आणि त्याच परांचीखालून चालू लागले.

वीट पडली.

मला काही दुखलं नाही. फक्त डोळ्यांवर गरम पाणी आल्यासारखं झालं आणि ते लाल होतं. रखमा धावत पेटीकडं गेली. पेटीत कापूस नव्हता, पट्टी नव्हती. बाटली होती. रिकामी. ती बाटली माझ्या डोक्यासाठीच होती हो, पण डोक्यावर न लागता टोपीला लागली. शेवटी रखमानं चहाची पूड माझ्या भांगात दाबली आणि मला टेम्पोत घातलं.

दवाखान्यात मुकादम आमच्या आधी पोचला होता. डॉक्टर टाके घालत होते. त्यांनी विचारलं, “काय झालं?”

मुकादम म्हणाला, “काय न्हाई डॉक्टर. घरी न्हाणीत पाय घसरला हिचा.”

मी डोळा उघडून त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली, हळूच, समजावल्यासारखी. म्हणजे गप्प बस. म्हणजे उद्या काम पाहिजे ना. माझ्या डोक्यातून सुई जात होती. आणि कसं सांगू, त्या सुईबरोबर काहीतरी शिवलंही गेलं आणि काहीतरी उसवलंही. हेल्मेट धुतलं तेव्हा मी गप्प होते. आता हा माझी जखमसुद्धा धुऊन काढत होता. घरी पडली म्हणे. म्हणजे वीट नाही, परांची नाही, आबासाहेब नाहीत. बाईच वेंधळी.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “आमच्या न्हाणीत वरनं विटा पडत न्हाईत.”

डॉक्टरांची सुई थांबली.

“साइटवर वीट पडली. माझं हेल्मेट ह्यांनी काढून घेतलं हुतं. तसंच लिवा.”

डॉक्टरांनी लिहिलं. त्या लिहिण्यानं आबासाहेबांचं काही वाकडं झालं नाही, हे सांगून टाकते. उगाच तुम्ही पुढं वाट बघत बसाल. वाकडं आमचंच झालं. माझं काम गेलं. नवरा परांची बांधायचा, त्याचंही गेलं. आसपासच्या साइटवर निरोप फिरला की ही बाई लय बोलती.

नवरा घरी येऊन म्हणाला, “लय बोललीस तू.”

“टाके पडत हुते म्हणून तोंड आकडलं हुतं,” मी म्हणाले. “न्हाईतर अजून बोलले असते.”

तो आधी चिडला. मग हसायला लागला. हसता हसता त्यानं घरातल्या पिशव्या गोळा केल्या, आणि आम्ही सांगली सोडली.

खंडाळ्याच्या बाजूला एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. तिथं दोघांना काम मिळालं. पहिल्याच सकाळी फाटकावर सुरक्षेच्या साहेबांनी मला हेल्मेट दिलं आणि विचारलं, “नाव काय तुमचं?” मी सांगितलं. त्यांनी मार्करनं हेल्मेटवर माझं नाव लिहिलं. मला वाटलं त्यांची चूक झाली. मी म्हणाले, “साहेब, नाव लिवलं तर दुसऱ्याला कसं देणार?”

ते म्हणाले, “द्यायचंच नाही.”

मी संध्याकाळी ते घरी नेलं. नवऱ्याला दाखवलं. त्यानंही त्याचं दाखवलं. चुलीसमोर हेल्मेट घालून आम्ही दोघं जेवलो. हसा खुशाल. आमची वरात कुणी काढली नव्हती, ती त्या दिवशी निघाली.

पण खरी गोष्ट पुढं झाली. एक दिवस क्रेननं लोखंडी तुळई उचलली होती आणि तिच्या बरोबर खाली एक गडी तंबाखू मळत उभा होता. मी घमेलं फेकलं आणि बोंब ठोकली. अशी ठोकली की क्रेन थांबली, मिक्सर थांबला, तंबाखूवाल्याची तंबाखू सांडली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं. पुन्हा पिशव्या गोळा करायच्या. सुरक्षेच्या साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं, मला पुढं उभं केलं आणि म्हणाले, “हिनं आज काम थांबवलं. कुणालाही वाटलं की जीव जातोय, तर असंच थांबवायचं. कुणाला विचारायचं नाही.”

मी तिथंच उभी. काम थांबवता येतं? बाईला? घमेलं उचलणाऱ्या, वस्तीवरच्या बाईला? मग सांगलीत मी का नाही थांबवलं? कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि का सांगितलं नव्हतं, हेही त्या क्षणी लख्ख कळलं. हे ज्याला कळलं त्याला परांचीखालून मुकाट चालवता येत नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात आबासाहेब पुन्हा उगवले. नाक हेल्मेटाजवळ नेलेले. आमच्या भागात सूड घ्यायचा म्हटलं की लोक कोयता शोधतात. मी शिट्टी मागून घेतली.

राहिलेली दहावी केली. सुरक्षेचा कोर्स केला. साहेबांच्या मागं मागं फिरले. दोर कुठं बांधायचा, जाळी कशी ताणायची, खड्ड्याची कड कधी ढासळते, वायर कुठं उघडी पडते, सगळं शिकले. लोकांना वाटायचं, बाई लय कष्टाळू. बाई कष्टाळू नव्हती. बाई दातांना धार लावून ठेवत होती.

आणि मग नशिबानं काय नाटक रचलं बघा. वाईजवळ मुलींच्या वसतिगृहाचं काम निघालं. पैसे देणारी संस्था बाहेरची. त्यांची एकच अट होती: ठेकेदार कुणीही असो, सुरक्षेचं माणूस आमचं. त्यांनी मला नेमलं. मी साइटवर गेले. केबिनच्या दारात खुर्ची टाकून कोण बसलेलं? आबासाहेब. बाजूला कोण उभा? तोच मुकादम. पिकलेला, पण तोच.

दोघांनीही मला ओळखलं नाही. कसे ओळखतील? त्या दिवशी त्यांनी हेल्मेटाच्या आत बघितलं होतं. माझ्या तोंडाकडं कुठं बघितलं होतं? मुकादमानं दवाखान्यात बघितलं होतं, पण ते रक्तानं माखलेलं.

मीही ओळख दिली नाही. गोड हसले. “नमस्कार आबासाहेब,” म्हणाले.

केबिनमध्ये पत्र्याची पेटी होती. कुलूप होतं. आत हेल्मेटं होती, आणि त्यांच्यावर वाळून गेलेलं एकेक झेंडूचं फूल. मी फुलं झाडली. फाटकाजवळच्या भिंतीवर खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याखाली एकेक नाव लिहिलं. ज्याला वाचता येत नाही त्यानं आपलं चित्र काढून घेतलं. कुणी बैल काढला, कुणी मोटरसायकल. रखमाला मी सांगलीहून बोलावून घेतलं होतं, तिनं मिरची काढली. पेटी भंगारात दिली. कुलूप माझ्याकडं ठेवलं, आठवण म्हणून.

नियम बसवणं काही सोपं गेलं नाही. गडी पट्टा बांधायला तयार नव्हते. परांचीवर चढताना कमरेला पट्टा बांधून त्याचा दोर वरच्या पाइपाला अडकवायचा, एवढंच. पण एकजण म्हणाला, “मला काय दाव्याचा बैल समजलीस व्हय?” दुसरा म्हणाला, “मर्द गड्याला दोर लागत न्हाई.” फाटकावर सुभेदार होते, पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा अशा की त्यांना वेगळी हजेरी लावावी. तेही पहिल्या दिवशी म्हणाले, “बाई शिट्टी वाजवणार आणि मर्द थांबणार? अजब तमाशा हाय.”

मी विचारलं, “सुभेदारसाहेब, पलटणीत गोळीबाराच्या मैदानावर तुम्ही डोक्यावर काही न घालता जायचा?”

“हरगिज न्हाई! ऑर्डर म्हंजे ऑर्डर.”

“मग तिथं तुमची मर्दानगी कमी व्हायची का वं?”

सुभेदारांनी मिशी चावली. दुसऱ्या दिवशी ते पट्टा न बांधलेल्या गड्यावर असे ओरडले की पलीकडच्या शेतातली माणसं उठून उभी राहिली. माझं अर्धं काम त्यांच्या आवाजानं केलं.

रोज सकाळी आम्ही उभ्या उभ्या बोलायचो. आज कुठं काय काम, कुठं धोका, कोण कुणावर नजर ठेवणार. आणि संध्याकाळी एक खेळ. त्याचं नाव ‘थोडक्यात वाचलो’. दिवसभरात ज्याचा जीव, बोट, डोळा थोडक्यात वाचला असेल त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी रागवायचं नाही. ज्याची गोष्ट भारी त्याला केबिनमधली खुर्ची आणि पहिला चहा. आधी लोक लपवायचे. पण आबासाहेबांच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा मोह कुणाला आवरतोय? एकेक गोष्टी बाहेर पडायला लागल्या. फळी कुजलीय. शिडीची पायरी हलतीय. लिफ्टचा दोर झिजलाय. सांगितलं की दुसऱ्या दिवशी दुरुस्त. न झालं तर शिट्टी.

बायकांचा प्रश्न वेगळा होता. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं वाहायचं की हेल्मेट घालायचं? दोन्ही जमत नाही. मी डोक्यावरून वाहणं बंद केलं. माणसांची साखळी लावायची, हातोहात घमेलं पुढं. त्या साखळीत एक आगाऊ पोरगा हेल्मेट न घालता उभा राहिला तेव्हा रखमानं घमेलं त्याला दिलंच नाही. “डोक्यावर न्हाई, तर हातात न्हाई,” म्हणाली. साखळी थांबली. सगळे त्याच्या नावानं ओरडले. तो पळत जाऊन हेल्मेट घालून आला. तेव्हापासून तो आमचा कायदा झाला. ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही त्याच्या हातात घमेलं द्यायचं नाही. मी केला नाही. लिहिलाही नाही. साखळीनं केला.

मग आला स्लॅबचा दिवस.

आमच्याकडं स्लॅब म्हणजे लग्नच. कोपऱ्यात पूजा, आंब्याचे डहाळे, नारळ, पेढे, काम झाल्यावर मटणाचं जेवण. आणि रीत अशी की पहिलं घमेलं मालकानं, म्हणजे आमच्यात ठेकेदारानं, स्वतःच्या हातानं टाकायचं, मुहूर्तावर. त्यानंतर माल एकदा पडायला लागला की थांबायचं नाही. आदल्या संध्याकाळी रखमानं मला विचारलं, “उद्या आबासाहेब येणार. त्येंच्या डोक्यावर नसलं तर?”

मी म्हटलं, “तर काय?”

“न्हाई, इचारलं आपलं. मालकाला माफ असंल तर सांग. मग उद्या इंजिनियरला माफ, परवा मुकादमाला. मग आमी तरी कशाला घालायचं? परत पेटीत टाक सगळी. झेंडूची फुलं मी आणती.”

एवढंच सगळं पणाला होतं. त्याहून जास्त काही नव्हतं, आणि त्याहून जास्त काही लागतही नाही. नियम एका माणसापुढं वाकला की तो मेला, आणि त्याच्यामागून कोण मरतं हे माझ्या भांगाला विचारा.

सकाळी आबासाहेब आले. आणि काय आले! डोक्यावर भगवा फेटा. खास साताऱ्याहून माणूस आणून बांधलेला, तुरा असा की वारा आला की तो आधी वळायचा, आबासाहेब नंतर. सोबत भावकी, मोबाइलवर शूटिंग करणारे भाचे. फाटकावर सुभेदारांनी हेल्मेट पुढं करायला हात उचलला आणि त्या हाताचा सलाम झाला. भावकीतलेच ते. मी बघितलं. म्हटलं, हे वर सगळ्यांसमोरच मिटू दे. पाहुण्यांना मी खाली दोरीच्या बाहेर थांबवलं. आबासाहेब मुकादमाला घेऊन शिडीवरून वर चढले. वर स्लॅबच्या सळ्यांवर फळ्या टाकल्या होत्या, कडेला कठडा, खाली जाळी. माझी साखळी उभी होती, खालपासून वरपर्यंत, पिवळीधमक.

नारळ फुटला. मिक्सर फिरला. पहिलं घमेलं निघालं. हातातून हातात, हातातून हातात, वर वर आलं. शेवटी रखमा उभी होती. तिच्या हातात आलं. आबासाहेबांनी दोन्ही हात पुढं केले. भाचे खालून मोबाइल वर करून उभे.

रखमानं घमेलं दिलं नाही.

“दे की गं,” मुकादम म्हणाला.

“डोक्यावर न्हाई, तर हातात न्हाई.”

“अगं भवाने, मालक हाईत ते!”

“मग मालकांस्नी डोकं न्हाई व्हय?”

साखळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू खालपर्यंत उतरत गेलं, घमेल्यासारखं, हातोहात. आबासाहेबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला.

“मुहूर्त टळतोय,” ते म्हणाले. “बाजूला करा हिला.”

तेव्हा मी शिट्टी वाजवली. छोटी नाही. लांब, अगदी छाती रिकामी होईपर्यंत. इतक्या वर्षांची हवा होती आत. मिक्सर बंद झाला. साखळी जागेवर थांबली. घाटावरची कबुतरंसुद्धा थांबली असतील, मी काही बघायला गेले नाही.

“आवं आबासाहेब,” मी पुढं होऊन म्हणाले, एकदम आदरानं, “फेट्यावर हेल्मेट बसत न्हाई. फेटा काढावा लागंल.”

“मी फेटा काढू? हितं? एका बाईच्या सांगण्यावरनं?”

“माझ्या न्हाई. ह्या सगळ्यांच्या.”

ते सगळ्यांकडं बघायला लागले. कुणी मान खाली घातली नाही. मला खरं वाटेना. अहो, काल-परवापर्यंत पट्ट्याला दावं म्हणणारे गडी, ते छाती काढून उभे होते. मुकादम घड्याळ बघत होता. मुहूर्त सरकत होता. खाली मिक्सरमध्ये माल घट्ट होत होता. न टाकता परत उतरले तर भावकीसमोर, भाच्यांच्या मोबाइलसमोर, अपशकुन. टाकायचं तर फेटा काढून. आबासाहेब आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी उभे होते जिथं दोन्ही बाजूंनी खालीच पडायचं होतं. आणि जाळी फक्त अंगासाठी होती.

शिडीवर बुटांचा आवाज आला. सुभेदार. हातात पिवळं हेल्मेट. खालच्या खिळ्यावरचं, रजेवर गेलेल्या एका गवंड्याचं, वापरून वापरून चरे पडलेलं. त्यांनी ते ताठ उभं राहून पुढं धरलं. “फाटकावर माझी चूक झाली,” म्हणाले. “ऑर्डर म्हंजे ऑर्डर, आबा.”

आबासाहेबांनी हेल्मेट घेतलं. उलटं केलं. आत बघितलं. नाक जवळ नेलं. तोच हात, तेच नाक.

“कुणाचं हाय हे?”

हा प्रश्न मी किती वर्षं सांभाळून ठेवला होता, काय सांगू. आंघोळ करताना, भाकरी थापताना, एस.टी.त बसल्यावर, मी त्याला उत्तरं देऊन बघायची. लांबलचक, धारदार, रडवणारी. त्या क्षणी त्यातलं एकही आठवलं नाही.

“डोकं शाबूत असल्याल्या माणसाचं,” मी म्हणाले.

मुकादम सवयीनं पुढं झाला. “द्या आबासाहेब, मी धुऊन आणतो, त्या लाल फुलीच्या पेटीत औषध—”

“हात लावायचा न्हाई त्या पेटीला.” माझा आवाज मलाच नवा वाटला. “ती पेटी फकस्त रक्तासाठी उघडती.”

मुकादम थबकला. त्यानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट, तोंडाकडं. मग वर, हेल्मेटाखालून कपाळावर उतरलेल्या टाक्यांच्या टोकाकडं.

“तू... सांगलीची न्हवं का?”

“व्हय,” मी म्हणाले. “न्हाणीत पडल्याली.”

तो एक पाऊल मागं सरला. 

आबासाहेबांनी फेटा काढला. दोन्ही हातांनी, हळू. खाली टक्कल होतं, घामानं चमकणारं, फेट्याचा वळ उठलेलं. माझ्याच डोक्यासारखं डोकं. वीट पडली तर तेवढंच फुटणारं. फेटा मुकादमाच्या हातात गेला. गवंड्याचं हेल्मेट आबासाहेबांच्या डोक्यावर बसलं. पट्टा मी लावायला सांगितला. त्यांनी लावला. रखमानं घमेलं दिलं.

कुणी टाळी वाजवली नाही. माल पडला, मी शिट्टी दिली, मिक्सर फिरला आणि साखळी चालू झाली. फोटोत आबासाहेब तेच, पिवळं हेल्मेटही तसंच, फक्त या वेळी ते न धुता घातलेलं.

खाली उतरल्यावर त्यांनी हेल्मेट खिळ्यावर टाकलं आणि न जेवता गेले. सगळे माझ्याकडं बघत होते. औषधाची बाटली माझ्या ताब्यात होती, भरलेली. नळ समोर होता. मनात आलं नाही असं नाही. सगळ्यांसमोर धुवावं, घासघासून. हातसुद्धा औषधपेटीच्या किल्लीकडं गेला. पण ती बाटली कुणाच्या तरी जखमेची होती. मी ती आबासाहेबांवर उधळायला ते कोण लागून गेले? दुसऱ्या दिवशी गवंडी आला, त्यानं ते तसंच डोक्यावर चढवलं. आम्हाला कुणाचा विटाळ होत नाही.

मुहूर्ताच्या दिवशीच स्लॅब पुरा झाला. त्याच संध्याकाळी मटणाच्या आधी ‘थोडक्यात वाचलो’ बसलं. तेवढ्यात मुकादम आला, फेटा अजून त्याच्याच हातात. म्हणाला, “आबासाहेबांचा निरोप हाय. सगळ्यांम्होरं माफी मागायची. न्हाईतर तुला साइटवरनं काढायला लावत्यात.” संस्थेतूनही फोन आला होता, जरा सांभाळून घ्या म्हणून. मी दोघांनाही एकच सांगितलं. माफी मागायची तर आधी त्या विटेनं मागावी.

रखमा उठली. म्हणाली, “आज माझी गोष्ट ऐका. आज कुणाचं बोट वाचलं न्हाई, डोळा वाचला न्हाई. आज आपला नियम थोडक्यात वाचला.”

खुर्ची तिला मिळाली. पहिला चहाही. मुकादम फेटा घेऊन तसाच उभा होता. बसायला कुणी सांगितलं नाही.

मला काढतील की ठेवतील, अजून ठरलेलं नाही. काढलं तर मी साताऱ्याला जाईन, सांगलीला जाईन, माधवनगरला जाईन. आबासाहेबांची कामं या दोन जिल्ह्यांत जिथं जिथं आहेत तिथं तिथं जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर बसेन आणि बायकांना सांगेन की काम थांबवता येतं. एवढं एकच वाक्य. शिट्टी नसली तरी बोंब आहे, ती मला उत्तम जमते. आणि माफ मी केलेलं नाही. मोठं मन वगैरे माझ्याकडं मागू नका, ते त्या नळावर वाहून गेलं.

ठेवलं तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्याचा स्लॅब आहे. आबासाहेबांनी फेटा बांधूनच यावं. साताऱ्याच्याच माणसाकडून, उंच तुऱ्याचा, चांगला घट्ट.

मी वर उभी असेन.